शेवटच्या सत्राची फिल्म पुरेशी नाही

माध्यम अभ्यासाचा कुठलाही अभ्यासक्रम उघडून पाहा, मांडणी बरीचशी सारखी असते. सुरुवातीची सत्रं संज्ञापनाचे सिद्धान्त, माध्यमांचा इतिहास, कायदा आणि नीतिमत्ता यांत जातात. मधे कुठेतरी कॅमेऱ्याची ओळख होते, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे वर्ग होतात. आणि सगळ्यात शेवटी, पदवी हाताशी आली की, एक मोठा प्रकल्प येतो. वीस मिनिटांची फिल्म, माहितीपट, नाहीतर पॉडकास्टची मालिका. विद्यार्थ्याची सर्जनशीलता आणि तांत्रिक कौशल्य या एका कामावर जोखलं जातं.

ही मांडणी बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. विद्यार्थ्यानं पहिल्या आठवड्यापासून लहान लहान कामं करावीत, प्रत्येक काम शेवटापर्यंत न्यावं, चारचौघांना दाखवावं, त्यावरचं बोलणं ऐकून घ्यावं आणि लगेच पुढचं हाती घ्यावं. सर्जन एका तासिकेत आणि तंत्र दुसऱ्या तासिकेत अशी वाटणी केली की दोन्ही कच्ची राहतात. ती एकमेकांच्या आधारानं वाढतात, आणि त्यासाठी पूर्ण झालेल्या कामांची सलग रांग लागते.

मोठ्या प्रकल्पाची अडचण अशी की तो एकटा असतो. वीस मिनिटांच्या फिल्ममधला बराच वेळ परवानग्या काढण्यात, माणसं जमवण्यात, तारखा जुळवण्यात जातो. हेही शिकण्यासारखं आहे, पण चित्र आणि आवाज यांच्याशी झगडायला त्यातून थोडेच दिवस उरतात. त्यातही खरी शिकवणी सुरू होते ती एडिटिंगच्या टेबलावर. तिथे बसल्यावर कळतं की या प्रसंगाचा एकही क्लोजअप घेतलेला नाही, दोन पात्रं बोलताना एकाच दिशेला पाहताहेत, मुलाखतीत मागच्या पंख्याची घरघर शब्दांवर चढली आहे. आपण कुठे चुकलो हे विद्यार्थ्याला उमगतं, आणि नेमकं त्याच वेळी त्याचं शिक्षण संपतं. ती समज वापरायला दुसरी फिल्म समोर नसते. गाण्याच्या विद्यार्थ्याला वर्षभर फक्त ऐकायला लावून शेवटी एकदम मैफलीला बसवणारा गुरू कुणी मान्य करणार नाही. इथे मात्र आपण तेच बिनदिक्कत चालवून घेतो.

लहान कामांची सुरुवात आवाजापासून व्हावी, असं मला वाटतं. विद्यार्थी कॅमेऱ्यामागे धावतात, ते स्वाभाविक आहे. कॅमेरा दिसतो, मिरवता येतो. पण विद्यार्थ्यांच्या कामात प्रेक्षक सर्वांत आधी कंटाळतो तो वाईट आवाजाला. थोडं हललेलं किंवा अंधारलेलं चित्र तो सहन करतो, न कळणारं बोलणं करत नाही. आवाजावर काम करायला खर्चही कमी, आणि तंत्र व आशय किती जवळ राहतात हे त्यात लगेच ऐकू येतं.

माइक आणि बोलणारा यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून माइक लांब गेला की माणूस खोलीत विरघळू लागतो. नंतर आवाज वाढवला तर माणसाबरोबर खोलीही वाढते. हे झालं भौतिकशास्त्र. पण जवळच्या माइकवर ऐकणाऱ्याला ते माणूस आपल्याच कानाशी बोलत असल्यासारखं वाटतं, आणि लांबच्या माइकवर आपण दाराबाहेर उभे असल्यासारखं. माइक कुठे धरायचा हा प्रश्न अशा वेळी कथनाचा होतो. ऐकणाऱ्याला या माणसाच्या किती जवळ न्यायचं आहे? हा निर्णय तांत्रिक की सर्जनशील, असं विचारलं तर उत्तर देता येणार नाही, कारण तो एकच निर्णय आहे.

पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला सांगावं की दीड मिनिटाचा एक प्रसंग फक्त आवाजातून उभा कर. निवेदन नाही, संगीत नाही. कोणीतरी येतं, काहीतरी शोधतं, सापडत नाही, निघून जातं. एवढ्याशा कामात किती गोष्टी हाताखालून जातात पाहा. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते, तिथे आवाज फाटतो आणि तो नंतर धड दुरुस्त होत नाही, म्हणून पातळी आधीच खाली ठेवावी लागते. रिकाम्या खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो आणि तो वेगळा मुद्रित करून ठेवला नाही तर दोन तुकड्यांमधली शांतता खटकते. पावलं दारापाशी थांबली की ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न किती सेकंद ताणायचा हे कानानंच ठरवावं लागतं. इतकं सगळं दीड मिनिटात शिकून विद्यार्थी पुढच्या आठवड्यात दुसरं काम करू शकतो, आधीच्यापेक्षा बरं.

कॅमेऱ्याच्या बाबतीतही हेच. बहुतेक विद्यार्थी ऑटो मोडवर चित्रण करतात आणि चित्र बरं येतं, म्हणून पुढे कुणी विचारत नाही. पण ऑटो मोडमध्ये निर्णय कॅमेरा घेतो. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तिथे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, त्या लयीशी जुळलं नाही की चित्रावर पट्टे सरकू लागतात. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं तर ही अडचण सहसा टळते आणि हालचालही डोळ्याला सहज वाटते. हे एकदा हातानं करून पाहिलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही कॅमेऱ्यासमोर गांगरत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा मला अ‍ॅपर्चरचा प्रश्न वाटतो. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, त्याचं माप आकड्यात असतं. ते उघडं ठेवलं की चेहरा ठळक येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. ही धूसर पार्श्वभूमी हल्ली विद्यार्थ्यांना फार आवडते, कारण तिच्यामुळे साधा शॉटही महागडा दिसतो. आता समजा, पुरात घर गेलेल्या माणसाची मुलाखत आहे आणि त्याच्या मागे ते पडकं घर आहे. अ‍ॅपर्चर उघडं ठेवलं तर प्रेक्षकाला सुंदर प्रकाशातला एक दुःखी चेहरा दिसेल, घर दिसणारच नाही. दुःखाचं कारण चौकटीतून पुसलं जाईल. प्रतिनिधित्व, म्हणजे माध्यमं कुणाला कसं दाखवतात, या विषयावर वर्गात चाललेली सगळी चर्चा इथे एका आकड्यात येऊन बसते. ज्या विद्यार्थ्यानं तो आकडा स्वतः फिरवलेला नाही त्याला ही चर्चा पाठ करता येते, पण तिचा उपयोग करता येत नाही.

म्हणूनच सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक यांच्यात घातलेली भिंत मला अनैसर्गिक वाटते. इतिहासात ती तशी कधी नव्हती. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइननं स्थापत्य अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं होतं, त्यानं चित्रपट केले आणि माँताजवर, म्हणजे शॉटच्या जुळणीतून अर्थ घडवण्यावर, सिद्धान्तही लिहिले. फ्रान्समध्ये १९५१ साली सुरू झालेल्या ‘काहिए दु सिनेमा’ या नियतकालिकातून समीक्षा लिहिणारे त्रुफो आणि गोदार त्याच दशकाच्या अखेरीस दिग्दर्शक झाले. चित्रपट अभ्यासक लॉरा मल्व्ही यांचा पुरुषी नजरेविषयीचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. आज तो माध्यम अभ्यासात जवळजवळ सगळीकडे शिकवला जातो, पण त्यांनी पीटर वॉलन यांच्यासोबत चित्रपटही केले हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. स्त्रीकडे वेगळ्या प्रकारे कसं पाहता येईल हा प्रश्न त्यांनी कॅमेरा घेऊनही विचारला. आपल्या विद्यार्थ्याला मात्र त्या निबंधावर टिपणवजा उत्तर लिहायला सांगितलं जातं. त्याऐवजी एकच प्रसंग दोनदा चित्रित करायला सांगावा. एकदा पाहणाऱ्या पुरुषाच्या बाजूनं, एकदा जिच्याकडे पाहिलं जातंय तिच्या बाजूनं. मग दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं ते लिहायला लावावं. कॅमेऱ्याची उंची, शॉटची लांबी, आवाज कुणाच्या जवळचा आहे, असे मुद्दे त्या लेखनात आपोआप येतील.

साधनं नाहीत म्हणून हे शक्य नाही, असं उत्तर नेहमी येतं. त्याला चित्रपट शिक्षणाचा पहिला अध्यायच उत्तर देतो. मॉस्कोत १९१९ साली जगातली पहिली चित्रपटशाळा सुरू झाली तेव्हा तिथे कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता. लेव्ह कुलेशोवच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी फिल्मशिवाय फिल्म केल्या. दृश्यं लिहायची, शॉट आखायचे, ते रंगमंचावर करून दाखवायचे, कॅमेऱ्यात काहीच नाही. हाती आलेल्या दुसऱ्यांच्या फिल्म सोडवून त्यांची पुन्हा जुळणी करून पाहायची. एकाच चेहऱ्याचा शॉट वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला की प्रेक्षक त्या चेहऱ्यात वेगवेगळे भाव वाचतो, हा कुलेशोवच्या नावानं ओळखला जाणारा प्रयोग अशाच वातावरणातला. टंचाई चांगली असते असं मला म्हणायचं नाही, विद्यार्थ्यांना साधनं मिळालीच पाहिजेत. पण साधनं येईपर्यंत शिकणं थांबवायला ती सबब पुरत नाही.

पुढे १९९५ मध्ये डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायर आणि थॉमस व्हिंटरबर्ग यांनी ‘डॉग्मे ९५’ म्हणून स्वतःवर नियम लादून घेतले. कॅमेरा हातातच, वेगळी प्रकाशयोजना नाही, चित्रापासून वेगळा केलेला आवाज नाही. आपणहून स्वीकारलेली बंधनं माणसाला नेमका प्रश्न देतात. ‘तुला हवं ते कर’ असं सांगितलेला विद्यार्थी बहुतेकदा आधी पाहिलेलंच करतो. ‘एक शॉट, दोन मिनिटं, संवाद नाही’ असं सांगितलेला विद्यार्थी विचार करायला लागतो.

या सगळ्यात मला ज्यांची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते ते चित्रपटांचे कॅमेरामन सुब्रत मित्र. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करत होते तेव्हा हा कोवळा तरुण तिथे नुसता पाहायला जाई. हातात वही असे. दिवा कुठे ठेवला, कॅमेरा कुठून कुठे सरकला, नट कुठे उभा राहिला, हे तो लिहून आणि चितारून ठेवायचा. पुढे सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चं चित्रण त्याच्यावर सोपवलं तेव्हा त्यानं चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता, तो स्थिर छायाचित्रं काढायचा. १९५६ च्या ‘अपराजितो’च्या वेळी बनारसमधल्या घराचं अंगण स्टुडिओत उभारायचं ठरलं. तशा अंगणात वरच्या आकाशातून मऊ, सावल्या न पाडणारा प्रकाश झिरपतो, आणि स्टुडिओचे थेट दिवे तो देऊ शकत नाहीत, हे मित्रांना माहीत होतं. त्यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर सोडले आणि परावर्तित उजेड अंगणात उतरवला. ही पद्धत पुढे प्रकाशयोजनेत रूढ झाली. ती सुचली कारण त्यांना खऱ्या अंगणातला उजेड ठाऊक होता आणि खोटा उजेड सहन होत नव्हता. निरीक्षण, आग्रह आणि तंत्र यांतलं काय आधी आलं हे सोडवत बसण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यानं त्यातून घ्यायची गोष्ट म्हणजे ती वही. पाहिलेल्या प्रत्येक चांगल्या प्रसंगात दिवा कुठे असेल, माइक कुठे असेल, कट नेमका कधी आला, हे लिहिण्याची सवय फुकट आहे आणि तिची जागा कुठलाही वर्ग घेऊ शकत नाही.

सॉफ्टवेअर शिकवण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचं नाव घातलं की तो अद्ययावत वाटतो, पालकांना आणि प्रवेश घेणाऱ्यांनाही बरं वाटतं. पण अ‍ॅडोबनं ३१ डिसेंबर २०२० रोजी वेबवर अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार काढून घेतला तेव्हा वर्षानुवर्षं शिकवलेली एक अख्खी कार्यपद्धती मागे पडली. त्यात ज्यांनी बटणं शिकली होती त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांनी हालचालीची लय, चौकटीतली मांडणी आणि वेळेचा अंदाज शिकला होता, त्यांना फक्त साधन बदलावं लागलं. एडिटर वॉल्टर मर्च यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे. फिल्म कापून जोडण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस ‘द इंग्लिश पेशंट’साठी संगणकावर एडिट करायच्या अ‍ॅव्हिडवर गेला, आणि डिजिटल पद्धतीनं एडिट झालेल्या चित्रपटाला एडिटिंगचं ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ ठरली. ‘कोल्ड माउंटन’ त्यानं फायनल कट प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर केला. यंत्रं बदलली, पण कट का घ्यायचा याचे निकष त्यानं स्वतःजवळ ठेवले. त्या निकषांना त्यानं अंदाजे टक्केवारीही दिली आहे, आणि त्यात भावनेला एकटीला ५१ टक्के आहेत. अवकाशाची सलगता, म्हणजे कोण कुठे आहे याचा शॉटगणिक मेळ, जी शिकवण्यात आपले कितीतरी तास जातात, ती यादीत सर्वांत खाली आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न. २०२२ मध्ये चित्रं, त्या वर्षाच्या अखेरीपासून संहिता, आणि त्यानंतर थोड्याच काळात आवाज, हलती दृश्यंसुद्धा, लिहून मागितली की मिळू लागली. मग विद्यार्थ्यानं दिवे लावायला आणि माइक धरायला का शिकावं, असं आता उघडपणे विचारलं जातं. माझं उत्तर असं की आता ते अधिकच शिकायला हवं. २००६ साली लेबनॉनमधल्या बॉम्बहल्ल्याच्या एका छायाचित्रातला धूर संगणकावर वाढवलेला असल्याचं उघड झालं आणि रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं त्या छायाचित्रकाराची सगळीच, ९२० छायाचित्रं मागे घेतली. ती लबाडी पकडली गेली कारण धुराचे एकसारखे लोट पुन्हा पुन्हा दिसत होते, आणि चित्राचा एक भाग उचलून दुसरीकडे उमटवणारं क्लोन करण्याचं साधन असे ठसे सोडतं हे पाहणाऱ्यांपैकी काहींना माहीत होतं. बनवण्याचं ज्ञान हेच ओळखण्याचं ज्ञान ठरलं. आजच्या कृत्रिम चित्रांतले ठसे इतके ढोबळ नाहीत, उद्या ते आणखी पुसट होतील. पण खिडकी डावीकडे असताना नाकाची सावलीही डावीकडेच का पडली, बंद खोलीतला आवाज मोकळ्या मैदानातल्यासारखा का लागतोय, असे प्रश्न पडायला त्या गोष्टी आपल्या हातून गेलेल्या असाव्या लागतात. शिवाय ही साधनं पहिल्या दमातच गुळगुळीत, संपलेलं दिसणारं काम देतात. कच्च्या कामापासून बऱ्या कामापर्यंतचा जो रस्ता विद्यार्थ्याला घडवतो, तोच त्यात गायब होतो. पहिल्या वर्षात तरी ती बाजूला ठेवावीत, नंतर डोळसपणे वापरावीत, असं मी सुचवेन.

या विचारावर एक आक्षेप गंभीर आहे. नोकरी मागायला जाताना दीड-दोन मिनिटांचे तुकडे कोण पाहील? दाखवायला एक भक्कम फिल्म हवीच. खरं आहे, आणि शेवटचा प्रकल्प काढून टाका असं मी म्हणतही नाही. तो आधीच्या वीसेक पूर्ण कामांनंतर यावा. तेव्हा तो आकारानं कदाचित लहान असेल, पण त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे निर्णय दिसतील. आणि काम देणारी जाणती माणसं लांबी पाहत नाहीत, ती पहिल्या काही मिनिटांतच आवाज आणि कट यांवरून ओळखतात.

दुसरा आक्षेप प्रतिभेचा. काहींना उपजतच जमतं, बाकीच्यांनी कितीही कामं केली तरी काय? मला हा विचार शिक्षकानं करूच नये असा वाटतो. उपजत जमणं म्हणून जे दिसतं, त्यात बरेचदा घरी आधीपासून असलेला कॅमेरा आणि लहानपणापासून मिळालेली मोकळीक असते.

आणि इथे मला सर्वांत जास्त कळकळ वाटते त्या गोष्टीकडे यायचं आहे. मोठ्या प्रकल्पात गट असतो आणि गटात कामं वाटली जातात. ज्याला कॅमेरा आधीच येतो तो कॅमेरा घेतो, ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप आहे तो एडिट करतो. मुलींकडे निवेदन, वेशभूषा, फोनाफोनी आणि हिशेब येतात. मुदत जवळ असते, गुण सगळ्यांना सारखे, म्हणून कुणी तक्रार करत नाही. माध्यमाची पदवी घेऊनही एकदासुद्धा स्वतः एडिटिंगच्या टाइमलाइनवर बसलेली नाही अशी विद्यार्थिनी त्यातूनच बाहेर पडते. पुढे तिला तंत्राची भीती वाटते, आणि ती भीती तिचा स्वभाव समजली जाते. लहान कामांत हे टाळता येतं. या आठवड्यात जो कॅमेऱ्यावर, तो पुढच्या आठवड्यात आवाजावर, त्यानंतर एडिटवर. फिरती पाळी सक्तीची ठेवावी आणि ती पाळली गेली की नाही हे शिक्षकानं पाहावं. कुणाचं काम थोडं वाईट होईल, होऊ द्यावं.

यासाठी विभागांनी करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. उपकरणांची खोली तासिका संपल्यावरही उघडी राहायला हवी, कारण ज्यांच्या घरी साधनं नाहीत त्यांना तोच वेळ असतो. आठवड्यातून एकदा सगळ्यांचं काम सगळ्यांसमोर दाखवलं जावं आणि करणाऱ्यानं आधी गप्प राहून ऐकावं. गुण देताना तयार कामाइतकंच वजन वहीला, टाकून दिलेल्या कटला, आणि मागच्या कामातला कोणता दोष या वेळी सुधारला याच्या नोंदीला मिळावं. अभ्यासक्रम मंडळांच्या पुढच्या बैठकीत शेवटच्या प्रकल्पाचे निम्मे गुण पहिल्या दोन सत्रांकडे वळवावेत, आणि ते गटाला न देता प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून झालेल्या कामाला द्यावेत.